लक्षण गेलं, पण आजार गेला का? लैंगिक संसर्गाच्या पहिल्या खुणा अशा ओळखा

काशीला गेलात तर मणिकर्णिकेच्या शेजारीच शिंदे घाट लागतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधला. घाटाच्या कडेला रत्नेश्वर महादेवाचं एका बाजूला कललेलं मंदिर आहे. सगळे त्या कललेल्या शिखराचा फोटो काढतात. गाभारा मात्र वर्षातला बराच काळ गंगेच्या पाण्याखाली असतो. तिथे काय चाललंय ते वरून दिसत नाही.

लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्गही असेच असतात. थोडंसं वर दिसतं, बाकीचं आत चालू राहतं. कधी कधी तर वर काहीच दिसत नाही. डॉक्टर या आजारांना 'एसटीआय' म्हणतात. आपल्याकडे त्यांना 'गुप्तरोग' म्हणतात आणि त्या नावामुळेच अर्धं काम बिघडतं. जे गुप्त आहे त्याबद्दल घरात कोण बोलणार?

म्हणून आज आपण ते मोकळेपणानं बोलूया. तुम्ही कॉलेजात असा, नवीन लग्न झालेलं असो, दोन मुलांचे आईबाबा असा किंवा नातवंडं खेळवत असा, ही माहिती तुमच्या कामाची आहे. हा संसर्ग वय, जात, शिक्षण, पगार काहीच बघत नाही.

'उष्णता झाली असेल' म्हणून सोडून दिलेली गोष्ट

लघवीला जळजळ झाली की आपल्या घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "उन्हाळी लागली असेल, सब्जा पी." अंगावरून पांढरं जायला लागलं की "अशक्तपणा आला असेल." जांघेत पुरळ आलं की "उष्णता वाढलीय." सब्जा पिण्यात वाईट काही नाही. कधी कधी ती खरंच उन्हाळीच असते. पण दर वेळी तेच कारण गृहीत धरलं, तर संसर्गाला आत पसरायला वेळ मिळतो.

त्यात या आजारांची एक फसवी सवय आहे. पहिलं लक्षण बऱ्याचदा आपोआप जातं, आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, सुटलो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: लक्षण गेलं म्हणजे आजार गेला असं नाही.

गडचिरोलीच्या दोन गावांनी जगाला काय सांगितलं

ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी सहकाऱ्यांसोबत दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याचे आकडे आजही वाचताना आपण थांबतो.

या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाशी किंवा लैंगिक आरोग्याशी संबंधित एक तरी आजार होता. सरासरी काढली तर एका बाईला तीनहून जास्त, म्हणजे ३.६ आजार. त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. याआधी अशी तपासणी आणि उपचार फक्त ८ टक्के जणींना मिळाले होते.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. तक्रार होती ५५ टक्के जणींची. ४५ टक्के म्हणत होत्या, मला काही त्रास नाही. आता साधा हिशोब करा. तक्रार असलेल्या सगळ्या जणी आजारी होत्या असं धरलं, तरी ९२ मधून ५५ गेले की ३७ उरतात. म्हणजे शंभरातल्या निदान ३७ स्त्रिया आजारी होत्या आणि त्यांना ते माहीतच नव्हतं.

यातला प्रत्येक आजार लैंगिक संबंधांतूनच आला होता असं नाही. पण 'त्रास नाही म्हणजे आजार नाही' हा समज त्या दोन गावांनी खोटा ठरवला.

जगाचा आकडाही लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटात दररोज १० लाखांहून जास्त लोकांना बरा होऊ शकणारा लैंगिक संसर्ग नव्याने होतो, आणि त्यातल्या बहुतेकांना लक्षणं जाणवत नाहीत. 'बरा होऊ शकणारा' हे शब्द नीट वाचा. उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चारही संसर्ग योग्य औषधाने पूर्ण बरे होतात. हर्पीस, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही हे विषाणूंचे संसर्ग. त्यातले काही शरीरात टिकून राहतात, पण औषधाने ताब्यात ठेवता येतात, आणि हिपॅटायटिस बी व एचपीव्हीवर तर लसही आहे.

आता खुणा पाहूया

आजारांची नावं पाठ करायची गरज नाही. तुमच्या शरीरावर काय दिसतंय, तिथून सुरुवात करा.

१. न दुखणारी जखम

लिंगावर, योनीच्या तोंडाशी, गुदाजवळ किंवा ओठावर एखादी गोल, कडांना टणक लागणारी जखम आली आणि ती दुखत नसेल, तर उपदंशाची शंका घ्या. यालाच बोलीभाषेत 'गरमी' म्हणतात, इंग्रजी नाव सिफिलिस. आपल्याकडे हा आजार जुनाच. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' ग्रंथात त्याला 'फिरंग रोग' म्हटलं आहे, म्हणजे फिरंग्यांकडून आलेला.

संबंधानंतर १० ते ९० दिवसांत, साधारण तीन आठवड्यांनी ही जखम येते. दुखत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही. योनीच्या किंवा गुदाच्या आत असेल तर दिसतही नाही. आणि तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरून येते! माणूस खूश होतो. जंतू मात्र रक्तात पोचलेले असतात.

२. तळहात आणि तळपायांवर पुरळ

काही आठवड्यांनी उपदंशाची दुसरी पायरी येते. अंगावर लालसर डाग उठतात, अगदी तळहात आणि तळपायांवरसुद्धा. बहुधा खाज येत नाही. बारीक ताप, घसादुखी, केस गळणं असंही होतं. हेही आपोआप जातं. मग वर्षानुवर्षं शांतता असते आणि उपचार झाले नाहीत तर काही जणांत पुढे हृदय, मेंदू, डोळे यांवर परिणाम होतो. सुरुवातीलाच ओळखला तर बहुतेकांना पेनिसिलीनचं एक इंजेक्शन पुरतं.

३. दुखणारे बारीक फोड

आधी त्या जागी मुंग्या आल्यासारखं किंवा आग झाल्यासारखं होतं. मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो, तो फुटून दुखऱ्या जखमा होतात. पहिल्या वेळी ताप आणि अंगदुखीही असते. हे हर्पीस असू शकतं. फोड जातात, पण विषाणू शरीरात राहतो आणि थकवा किंवा आजारपण आलं की पुन्हा डोकं वर काढतो. गोळ्यांनी त्रास कमी होतो, पुन्हा पुन्हा येणंही आटोक्यात ठेवता येतं.

४. लघवीला जळजळ आणि पू

पुरुषांमध्ये लिंगातून पांढरा, पिवळा किंवा हिरवट स्राव, आतल्या कपड्यावर डाग, लघवी करताना आग. परमा असेल तर हे बहुधा दोन ते सात दिवसांत दिसतं. क्लॅमिडियाला एक ते तीन आठवडे लागतात आणि स्राव पातळ, कमी असतो. कधी फक्त सकाळी एक थेंब दिसतो. तो एक थेंबही डॉक्टरांना सांगण्याइतका महत्त्वाचा आहे.

५. अंगावरून जाणं

इथे थोडं सावकाश वाचा. योनीतून स्राव होणं हे नैसर्गिक आहे. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर तो पारदर्शक, ताणला जाणारा असतो, गरोदरपणात वाढतो. त्याला घाण वास नसतो, खाज नसते. त्यासाठी औषधाची गरज नाही.

काळजी कधी करायची? स्रावाचा रंग पिवळा-हिरवा झाला, फेस दिसला, कुबट किंवा माशासारखा वास आला, खाज किंवा आग सुरू झाली, किंवा तुमच्या नेहमीपेक्षा काही वेगळं वाटलं तर. फेसाळ, पिवळसर-हिरवा आणि वास येणारा स्राव ट्रायकोमोनासमध्ये दिसतो.

६. ओटीपोटात दुखणं, अवेळी रक्त

संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणं, ओटीपोटात सतत कळ, सोबत ताप. संसर्ग गर्भाशय आणि गर्भनलिकांपर्यंत पोचल्याची ही खूण असू शकते. नलिका एकदा आतून चिकटल्या, तर पुढे मूल राहायला अडचण येते किंवा गर्भ नलिकेतच रुजण्याचा धोका वाढतो. म्हणून पोटदुखी आणि ताप एकत्र असेल तर थांबू नका. पाळी चुकलेली असून अचानक जोराचं पोट दुखलं किंवा चक्कर आली तर ती तातडीची वेळ आहे, सरळ हॉस्पिटल गाठा.

७. चामखिळीसारखे मोड

जननेंद्रियांवर किंवा गुदाभोवती न दुखणारे, कोबीच्या फुलासारखे छोटे उंचवटे आले, तर ते एचपीव्ही विषाणूचे असू शकतात. संसर्गानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही ते उगवतात. गंमत म्हणजे मोड आणणारे आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारे एचपीव्हीचे प्रकार बहुधा वेगवेगळे असतात. कर्करोग करणारा प्रकार काहीच दाखवत नाही. त्यामुळे मोड नसले तरी तिशीनंतर प्रत्येक स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायला हवी.

८. जांघेतलं अवधाण, अंडकोशाला सूज

जांघेत दुखरी गाठ आली की आपण 'अवधाण आलं' म्हणतो. पायाला जखम झाली तरी ते येतं. पण पायाला काहीच झालेलं नसेल, तर जननेंद्रियांवर जखम आहे का ते पाहा. एका बाजूचा अंडकोश हळूहळू सुजून दुखू लागला, तर तोही संसर्ग असू शकतो. मात्र अंडकोशात अचानक असह्य कळ आली तर त्याला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा तासाभराचाही उशीर नको.

९. घसा आणि गुदमार्ग

मुखमैथुनातून घशात आणि गुदमैथुनातून गुदमार्गात संसर्ग होतो. घसा बसणं, गुदातून स्राव किंवा रक्त, शौचाला दुखणं यांकडे सरळ मूळव्याध समजून दुर्लक्ष होतं. डॉक्टरांना संबंधांचा प्रकार सांगितला नाही, तर ते चुकीच्या जागेची तपासणी करतील.

आणि एचआयव्ही?

संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत काही जणांना ताप, घसादुखी, पुरळ, गाठी असं फ्लूसारखं होतं. काहींना काहीच होत नाही. मग कित्येक वर्षं माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून चेहऱ्यावरून किंवा तब्येतीवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. तपासणी हाच मार्ग. ज्यांना उपदंशासारखी जखम आहे त्यांनी एचआयव्हीची तपासणीही करावी, कारण उघड्या जखमेतून तो विषाणू सहज शिरतो.

प्रत्येक खाज म्हणजे एसटीआय नव्हे

इथपर्यंत वाचून तुम्ही घाबरला असाल, तर एक श्वास घ्या. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि खाज हे बहुधा बुरशीचं इन्फेक्शन असतं. मधुमेह असेल, अँटिबायोटिक घेतलेलं असेल तर ते सहज होतं, संबंधांची गरज नसते. वारंवार थोडी थोडी लघवी आणि जळजळ हे मूत्रमार्गाचं इन्फेक्शन असू शकतं. घामाने, घट्ट कपड्यांनी, साबणाने, ब्लेडनेही पुरळ येतं.

म्हणूनच स्वतःच निदान करू नका आणि जोडीदारावर आरोप तर मुळीच करू नका. खूण ओळखणं हे तुमचं काम, नाव देणं डॉक्टरांचं.

कुठे जायचं आणि काय बोलायचं?

पुरुषांनी त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञांकडे, स्त्रियांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. खर्चाची अडचण असेल तर सरकारी व्यवस्था आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे सल्ला, तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. औषधांचे संच रंगांवरून ओळखले जातात: राखाडी, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. प्रत्येक रंग वेगळ्या लक्षणसमूहासाठी असतो, म्हणून शेजाऱ्याला हिरवा दिला तर तुम्हालाही हिरवाच हवा असं नाही. एचआयव्हीसाठी आयसीटीसी केंद्रात मोफत, गोपनीय तपासणी होते. शंका फोनवरच विचारायच्या असतील तर १०९७ हा राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइन क्रमांक आहे. नाव सांगायची गरज नाही. तुम्ही वर्ध्यात असा, वाराणसीत असा, नंबर तोच.

खरी अडचण असते तोंड उघडण्याची. डॉक्टरांसमोर बसल्यावर "अशक्तपणा वाटतोय" असं म्हणून लोक टॉनिक घेऊन परत येतात. त्यापेक्षा ही वाक्यं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. बोलवत नसेल तर स्क्रीन दाखवा:

• "लघवीच्या जागी जखम आहे. दुखत नाही. आठ दिवस झाले."
• "अंगावरून पिवळट जातंय, वास येतो, खाज आहे."
• "मागच्या महिन्यात निरोध न वापरता संबंध आला. त्रास काही नाही, पण तपासून घ्यायचंय."
• "मला एकट्याला बोलायचंय." (सोबत आलेल्या सासूबाईंना, नवऱ्याला, आईला बाहेर थांबवण्याची विनंती करायचा तुम्हाला हक्क आहे.)

आणखी दोन गोष्टी. कोणतं औषध चालत नाही, विशेषतः पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे का, ते सांगा. गरोदर असाल किंवा शंका असेल तर तेही सांगा. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसं विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही.

तपासणीची घाईही नको आणि उशीरही नको. संबंधानंतर दुसऱ्या दिवशी केलेली रक्ततपासणी निगेटिव्ह येणारच, कारण शरीराला खुणा दाखवायला वेळ लागतो. डॉक्टर सांगतील त्या तारखेला तपासणी पुन्हा करा. अपवाद एकच: एचआयव्हीचा धोका झाला आहे असं वाटत असेल, तर संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. तिथे वाट पाहायची नाही.

मेडिकलमधली गोळी आणि भिंतीवरची जाहिरात

स्टेशनजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोग, हमखास इलाज' असं रंगवलेलं तुम्ही पाहिलं असेल. रस्त्याकडेच्या तंबूत जडीबुटीच्या बाटल्याही पाहिल्या असतील. ही दुकानं तुमच्या लाजेवर चालतात. तिथे तपासणी होत नाही, बिल मिळत नाही आणि जखम आपोआप भरली की श्रेय मात्र बाटलीला जातं. उपदंशाची जखम औषधाशिवायही भरते, हे आता तुम्हाला माहीत आहे.

मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या दोन अँटिबायोटिक गोळ्यांचंही तेच. जंतू मरत नाहीत, दबतात, आणि लक्षणं झाकली गेल्याने डॉक्टरांनाही नेमकं निदान करणं अवघड जातं. परम्याच्या जंतूंनी तर एकामागून एक औषधांना दाद देणं बंद केलं आहे, जगभरच्या डॉक्टरांना त्याची चिंता आहे. खाजेसाठी घेतलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट होतं. जखमेवर हळद, चुना, अँटिसेप्टिकचं पाणी काही लावू नका. योनीच्या आत साबण किंवा पाण्याचा फवारा मारून धुऊ नका. बाहेरून साधं पाणी पुरे.

औषध सुरू झालं की कोर्स पूर्ण करा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबू नका. दोघांचेही उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगतील तोवर, सहसा निदान सात दिवस, संबंध टाळा. उपदंशात नंतरही काही महिने रक्त तपासत राहावं लागतं.

"कोणी आणलं?" हा प्रश्न

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात पहिला प्रश्न हाच येतो. आणि आपल्याकडे त्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं: बाईने. कारण साधं असतं, गरोदरपणात किंवा पोटदुखीसाठी तिचीच तपासणी आधी होते. जिचा रिपोर्ट आधी येतो, तिच्यावर ठपका बसतो.

पण रिपोर्ट फक्त एवढंच सांगतो की आज संसर्ग आहे. तो कधी झाला आणि कोणाकडून झाला, हे तो सांगत नाही. क्लॅमिडियासारखा संसर्ग महिनोन्महिने काही न दाखवता राहू शकतो. हर्पीस आणि एचपीव्ही तर लग्नाच्या कितीतरी आधीचे असू शकतात. तेव्हा एका कागदावरून संसार मोडू नका, हात तर उगारूच नका.

त्याऐवजी प्रश्न बदला. "कोणी आणलं?" याऐवजी "आपण दोघं कधी तपासायला जायचं?" एकाच जोडीदाराने औषध घेतलं तर उपयोग नाही. बरा झालेला पुन्हा दुसऱ्याकडून आजारी पडतो. यातून सुटायचं तर दोघांनी एकत्रच सुटायचं.

जोडीदाराला सांगायचं कसं? भांडणात नको, रात्री बाराला नको, मुलांसमोर नको. शांत वेळ बघून एवढंच म्हणा: "माझ्या तपासणीत एक इन्फेक्शन निघालंय. औषधाने बरं होतं. पण डॉक्टरांनी तुलाही तपासून घ्यायला सांगितलंय." सांगितल्यावर मारहाण होईल अशी भीती असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना विश्वासात घ्या. तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट गोपनीय ठेवण्याचं संरक्षण तुम्हाला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलेलं आहे.

पोटातलं बाळ आणि वाढती मुलं

गरोदरपणातला उपदंश बाळापर्यंत पोचतो. गर्भपात होऊ शकतो, बाळ मृत जन्मू शकतं किंवा आजार घेऊन येऊ शकतं. परम्याचा संसर्ग जन्माच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना होतो. हे जवळजवळ सगळं टाळता येतं, आणि तेही सोपं आहे: पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा आणि एचआयव्ही व उपदंशाची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते. पेनिसिलीन गरोदरपणातही देता येतं. ही तपासणी 'संशय' म्हणून नसते, ती प्रत्येक आईची होते.

लहान मुलाच्या जननेंद्रियांजवळ जखम, मोड किंवा स्राव दिसला तर डॉक्टरांना दाखवाच. कारण साधंही असू शकतं, जन्माच्या वेळी आलेलंही असू शकतं, पण अत्याचाराची शक्यताही तपासावी लागते. मुलाला रागावू नका, उलटतपासणी घेऊ नका, "तुझी चूक नाही" एवढं आधी सांगा. मदतीसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

१८ वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी संबंधांमुळे आजारी असेल, तर पोक्सो कायद्यानुसार (२०१२) डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. हे खरं आहे. पण त्या भीतीने उपचार थांबवले तर नुकसान मुलांचंच होतं. आईबाबांनो, मुलं तुमच्याकडे येतील की भिंतीवरच्या जाहिरातीकडे, हे तुमच्या पहिल्या प्रतिक्रियेवर ठरतं.

बचाव: थोडक्यात पण नेमका

• निरोध दर वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरा. परमा, क्लॅमिडिया, एचआयव्ही यांपासून तो चांगलं संरक्षण देतो. हर्पीस, उपदंश, एचपीव्ही हे उघड्या त्वचेच्या स्पर्शानेही जातात, म्हणून तिथे संरक्षण मिळतं, पण पूर्ण नाही.
• गर्भनिरोधक गोळी किंवा कॉपर-टी मूल थांबवते, संसर्ग थांबवत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत.
• एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात सर्वात उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये आली. मुलींच्या डॉक्टरांशी बोला.
• हिपॅटायटिस बीची लस बाळांच्या लसीकरणात आहे. मोठ्यांनी घेतली नसेल तर आता घेता येते.
• नवा जोडीदार असेल तर लक्षण नसतानाही तपासणी करा. लग्नाआधी पत्रिकेसोबत हे रिपोर्टही बघायला काय हरकत आहे? दोघांचेही.
• टॉवेल, संडास, हस्तांदोलन, एका ताटात जेवणं यांनी एचआयव्ही किंवा परमा होत नाही. घरातल्या माणसाला वेगळं बसवू नका.

हे बोलणं नवीन नाही

कोणी म्हणेल, असल्या गोष्टी कौटुंबिक मासिकात कशाला? मराठीत हे बोलणं शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते चालवलं. संततिनियमन, लैंगिक शिक्षण, गुप्तरोग या विषयांवर ते साध्या मराठीत लिहीत आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली.

तेव्हा वाचकाला पोस्टाने पत्र पाठवून उत्तराची वाट पाहावी लागत होती. आज तुमच्या हातात फोन आहे, जिल्हा रुग्णालयात क्लिनिक आहे, औषध मोफत आहे. अडतं ते फक्त पहिल्या वाक्यापाशी.

तर आज एवढं करा. १०९७ हा नंबर सेव्ह करा. शरीरात काही वेगळं दिसलं असेल, अगदी ते आता गेलेलं असलं तरी, या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. आणि हा लेख ज्याला पाठवायला तुम्हाला थोडा संकोच वाटतोय, त्यालाच आधी पाठवा. बहुधा गरज त्यालाच आहे.